सुनेच्या हाताखाली

मास्तरांनी कुठल्याच शाळेत कधी शिकवलं नव्हतं. ते लोकांना गाडी चालवायला शिकवत, आणि गावातल्या निम्म्या लोकांनी पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं ते त्यांच्याच शेजारी बसून, म्हणून ते सगळ्यांचे मास्तर. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो दाबून दाबून मास्तरांना अशी सवय लागली होती, की बसमध्ये बसले तरी त्यांचा पाय आपोआप जमिनीवर रेटला जाई.

पायापेक्षा जीभ जास्त सवयीची. शेजाऱ्याने शिडी कुठे टेकवावी, न्हाव्याने कात्री कशी धरावी, दुकानदाराने पुडा कुठून फोडावा, हे न विचारता सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. त्यात खवचटपणा नव्हता. समोरचा चुकतोय आणि आपण गप्प बसलोय, हे त्यांना खरोखरच सोसत नसे.

घरात बायको, मुलगा आणि दोन वर्षांपूर्वी आलेली सून. सून फ्रिज बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला होती. फोनवर लोकांच्या तक्रारी घ्यायचं काम. संध्याकाळी घरी यायची, सासूच्या हाताखाली मदत करायची, जेवायची, भांडी आवरायची आणि खोलीत जायची. "कसा गेला दिवस?" म्हटलं की "ठीक" म्हणायची. कधी उलटून बोलली नाही, पण आपणहूनही कधी बोलली नाही.

"एकेकाचा स्वभाव असतो," मास्तरांची बायको म्हणे.

"शिष्ट आहे जराशी," मास्तर म्हणत, आणि म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच वाईट वाटे.

मास्तरांचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, चालणं कमी करा, पोहणं वाढवा. हे औषध मास्तरांना आवडलं. ते लहानपणी कालव्यात पोहायला शिकले होते. एका दमात पाण्याखालून लांबवर जाऊन भलतीकडेच डोकं वर काढायचं, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. रविवारी सकाळी ते तलावावर जाऊ लागले. तिथे खोल भाग दोरीने वेगळा केलेला असे. तो डायव्हिंग क्लबचा. सून सुट्टीच्या दिवशी कुठल्याशा क्लबात पाण्यात बुडी मारायला शिकवते, हे मास्तरांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि बघणं वेगळं.

पहिल्याच रविवारी ते पोहता पोहता मध्येच थांबले. दोरीपलीकडून खणखणीत आवाज येत होता. "पाय ढिले सोडा! सायकल नाही चालवायची! हां, आता कसं!" आणि वर एक मोकळं हसू. तो आवाज आपल्या सुनेचा आहे, हे कळायला मास्तरांना अंमळ वेळ लागला.

ती ज्याला शिकवत होती तो कोपऱ्यावरच्या बेकरीचा मालक होता. आडव्या बांध्याचा, हसऱ्या चेहऱ्याचा आणि पाण्याला सपाटून घाबरणारा. मास्तर दोरीवर कोपरं टेकवून बघत राहिले. मग जीभ सुटलीच.

"अहो बेकरीवाले, मान वर काढू नका! मान वर गेली की पाय बुडतात!"

बेकरीवाल्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली, तोंडात पाणी गेलं, आणि तो काठाला लटकून खोकत राहिला.

"बाबा, तुम्ही तुमचं पोहा ना," सून म्हणाली.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. तेव्हा सून मास्क कपाळावर सरकवून दोरीपाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, हे लोक तुमच्याकडे बघतात आणि माझं ऐकायचं राहून जातं. उद्या मी तुमच्या गाडीत मागच्या सीटवर बसून 'क्लच सोडा, क्लच सोडा' म्हणत राहिले, तर चालेल तुम्हाला?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही चालणार."

"मग एक तर तिकडे पोहा, नाहीतर दोरी ओलांडून इकडे या आणि पहिल्यापासून शिका. पुढच्या आठवड्यात नवे लोक घेतोय आम्ही."

तिला वाटलं, विषय मिटला. पण रात्री जेवताना मास्तर म्हणाले, "मी येतोय." मुलाचा घास हातातच राहिला. मास्तरांच्या बायकोने मात्र भांडं खाली ठेवून मनसोक्त हसून घेतलं.

"उभा जन्म दुसऱ्यांना ऐकवलंत. आता जरा ऐकून बघा कसं वाटतं ते."

सून हसली नाही. ती म्हणाली, "तिथे मी सून नसेन, बाबा. सांगेन ते ऐकावं लागेल."

"ऐकीन की. प्रश्न विचारले तर चालतील?"

"प्रश्न विचारा. उत्तरं देऊ नका."

डॉक्टरांनी छाती तपासून होकार दिला, आणि मास्तर क्लबाचे सभासद झाले. पहिला धडा पाण्याबाहेरच होता: रबरी सूट अंगात चढवायचा. आखूड अभ्र्यात उशी कोंबावी तसे मास्तर त्यात शिरले. पाठीमागची चेन बेकरीवाल्याने ओढून दिली. त्याला अजून तळाशी जायचं धाडस झालं नव्हतं, म्हणून तो नव्या लोकांबरोबर पुन्हा पहिल्यापासून बसला होता. सुनेने दोघांची जोडी लावून दिली. पाण्याखाली कुणी एकट्याने जात नाही.

"तुम्ही कशाला आलात या भानगडीत?" मास्तरांनी विचारलं.

"सगळं आयुष्य भट्टीसमोर गेलं, मास्तर. म्हटलं, एकदा तरी गार पडून बघावं."

सगळे काठावर बसल्यावर सून म्हणाली, "पहिला नियम. श्वास रोखायचा नाही. कधीच नाही. खाली आपण दाबाखालची हवा घेतो. ती छातीत कोंडून वर आलात, तर वर येता येता ती फुगते आणि फुप्फुस फाटतं. म्हणून श्वास घेत राहायचं, सोडत राहायचं. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरायचं नाही."

"सिलिंडरात ऑक्सिजन किती वेळ पुरतो?" मास्तरांनी विचारलं.

"ऑक्सिजन नाही, मास्तर. साधी हवा असते. आत्ता आपण घेतोय तीच, दाबून भरलेली."

सुनेच्या तोंडून 'मास्तर' ऐकताना त्यांना गंमत वाटली. इथे सगळेच तसं म्हणत, मग तिने वेगळं काय म्हणायचं?

पाण्याखाली बोलता येत नाही, हे मास्तरांना सगळ्यात जड गेलं. सगळं हातांनी. पहिल्याच दिवशी बेकरीवाल्याला तळाशी नीट गुडघे टेकता आले, तेव्हा मास्तरांनी शाबासकी म्हणून अंगठा वर केला. खाली त्या खुणेचा अर्थ 'वर चला' असा असतो. बेकरीवाला आज्ञाधारकपणे वर निघून गेला. त्याच्यामागून सुनेला जावं लागलं, आणि मास्तर तळाशी एकटेच अंगठा वर करून उभे राहिले.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. तास संपला की प्रत्येकाच्या सिलिंडरात किती हवा उरली ते बघायचे. मास्तरांची सगळ्यांत जास्त उरलेली असायची. त्यांनी ते चारदा बोलून दाखवलं.

"हवा उरली म्हणून बक्षीस नाही मिळत," सून म्हणाली. "तुमचे बुडबुडे मध्येच थांबतात. तुम्ही श्वास रोखता."

"रोखत नाही. माझा दमच मोठा आहे."

"तुम्ही कालव्यात शिकलात ना? तीच सवय आहे ती. तिथे ती गुण होती."

मास्तरांना ते पटलं नाही. मग मास्कचा धडा आला. तळाशी बसून मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं, नाकाने जोरात फुंकून ते बाहेर काढायचं. बेकरीवाल्याने थरथरत का होईना, केलं. मास्तरांच्या नाकात पाणी शिरलं मात्र, आणि त्यांचं सगळं अंग लहानपणीचं झालं. गाल फुगवून, छाती भरून, पायाने तळाला लाथ मारून ते बाणासारखे वर निघाले. अर्ध्यात सुनेने त्यांचा पाय पकडला, पोटात गुद्दा दिला, आणि हवा एकदम बुडबुड्यांतून सुटली.

वर आल्यावर तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "लागलं का कुठे? छातीत दुखतंय का?" ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

पुढच्या आठवड्यात सगळ्यांना खाणीच्या तळ्यावर जायचं होतं. गावाबाहेरची जुनी दगडाची खाण, आता पाण्याने भरलेली. तिथे खऱ्या अर्थाने पहिली बुडी. कपडे बदलून सगळे बाहेर आले तेव्हा सून म्हणाली, "मास्तर सोडून बाकीचे येतील. मास्तर, तुम्ही या वेळी नाही."

सगळ्यांसमोर. मास्तर गाडी असताना पायी घरी आले, गुडघ्यांची पर्वा न करता.

संध्याकाळी ते गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. शेजारच्या खोलीची खिडकी उघडी होती.

"अगं, न्यायचंस की," मुलगा म्हणत होता. "काठाकाठाने फिरवून आणायचं. त्यांचं मन राहिलं असतं."

"नाही."

"दुपारी नीट जेवले नाहीत ते."

"नाही म्हटलं ना. त्यांना काही झालं तर आईंना काय तोंड दाखवू मी? आणि मला काय वाटेल, ते तर तू विचारतच नाहीस. आज अर्ध्यात सापडले. तिथे नसते सापडले."

मास्तर हातात टॉवेल धरून तसेच उभे राहिले. मग पाय न वाजवता आत गेले.

ऐकलेलं त्यांनी बायकोला सांगितलं नाही, पण तिला सगळं आधीच ठाऊक असावं. चहा पुढे ठेवताना ती म्हणाली, "आपल्या मुलाला तुम्ही लायसन्सच्या परीक्षेला बसू दिलं नव्हतं. सगळे मित्र पास होऊन गाड्या उडवत होते. किती रडला होता तो."

"चढावर गाडी मागे यायची त्याची."

"मागे यायची ना?"

"यायचीच."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि आपला कप उचलून बाहेर गेली.

क्लबाची मंडळी खाणीवर जाऊन आली. बेकरीवाल्याने दुसऱ्या दिवशी दुकानातून हाक मारून सांगितलं, "गार पडलो, मास्तर! अगदी हाडापर्यंत!" मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, पण आत कुठेतरी खुपलं.

त्या संध्याकाळी सून भांडी पुसत होती. मास्तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांना बोलायला शब्द सापडत नव्हते, ही घरात नवलाची गोष्ट होती.

"मी श्वास रोखतो, ते खरं आहे," शेवटी ते म्हणाले. "कधी रोखतो तेच मला कळत नाही. काय करू, सांग."

सुनेने हातातली ताटली खाली ठेवली. थोडा विचार केला. "गुणगुणा."

"काय?"

"तोंडात नळी असताना श्वास सोडताना गुणगुणायचं. गुणगुणणाऱ्या माणसाला श्वास रोखताच येत नाही. आत्ता करून बघा. कसंही चालेल, सुरात नसलं तरी."

"सुरात नसणारच," बाहेरच्या खोलीतून मास्तरांची बायको म्हणाली.

मास्तर हूं हूं करू लागले. खरंच, आवाज चालू होता तोवर हवा आपोआप बाहेर जात होती. सून लक्ष देऊन ऐकत होती. "आणखी लांब. घाई नाही. हां."

मास्तर घरात गुणगुणू लागले, जिन्यात गुणगुणू लागले, गाडीतही. त्या दिवसांत एक नर्स त्यांच्याकडे गाडी शिकत होती. तिने घाबरून विचारलं, "मास्तर, माझं काही चुकतंय का?"

"नाही नाही. चालू दे तुझं."

गुणगुणताना सूचना देता येत नाहीत, हे मास्तरांच्या उशिरा लक्षात आलं. नर्सच्या आधीच लक्षात आलं असावं, कारण ती एकाएकी फारच बरी गाडी चालवायला लागली.

तलावात सून मास्तरांच्या समोर बसून नुसती त्यांचे बुडबुडे बघत राही. ते आता न थांबता येत होते. मास्कमध्ये पाणी घेणं, काढणं, पुन्हा घेणं. पहिल्यांदा अंग वर धावू पाहायचं, मग कमी, मग अगदीच कमी. एका रविवारी कपडे बदलायच्या खोलीबाहेर ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "पुढच्या वेळी खाणीवर तुम्हीही चला." मास्तर म्हणाले, "बरं." घरी पोचेपर्यंत त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, पण घरात शिरताच बायकोला मात्र तीनदा सांगितलं.

खाणीचं तळं उंच कापलेल्या दगडांच्या मधोमध होतं, वाऱ्याला आडोसा असलेलं, काळंशार. बेकरीवाला दुसऱ्यांदा आला होता आणि जुन्या जाणत्याच्या थाटात मास्तरांचे पट्टे तपासत होता. मास्तरांनी त्याला तपासू दिले. सून पुढे, तिच्यामागे हे दोघे, एका दोरीला धरून हळूहळू खाली. कानांत दडे बसले की नाक दाबून फुंकायचं, पुन्हा थोडं खाली. वरचा उजेड हिरवा होत गेला. गारठा मानेतून आत शिरला. मास्तर गुणगुणत होते.

एका दगडी टप्प्यावर ते पोचले. बेकरीवाला वळला आणि त्याच्या पायातली पंखासारखी रबरी फिन मास्तरांच्या चेहऱ्यावर बसली. मास्क सरकला. बर्फासारखं पाणी एकदम डोळ्यांत, नाकात. काही दिसेना. तलावातलं पाणी कोमट होतं. हे पाणी चावत होतं. शिकलेलं सगळं क्षणात पुसलं गेलं. मास्तरांची छाती भरून आली आणि तशीच घट्ट बंद झाली. पाय वर निघण्यासाठी जमीन शोधू लागले.

कुणीतरी त्यांच्या सिलिंडरच्या जाकिटाचा पट्टा मुठीत धरला. ओढलं नाही, ढकललं नाही, नुसतं धरून ठेवलं. मग छातीवर हलकेच दोन थापा बसल्या, दार वाजवावं तशा.

मास्तर गुणगुणले. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही, नुसतं कण्हणं. मग सूर, बेसूर, पण लांब. बुडबुडे कानांवरून खळखळत वर गेले. त्यांनी आत श्वास घेतला. पुन्हा सोडला. हात वर नेऊन मास्क जागेवर बसवला, वरची कड दाबली, नाकाने फुंकलं. पाणी अर्धं गेलं. पुन्हा फुंकलं.

समोर सुनेचे डोळे होते. अगदी जवळ, काचेपलीकडे. ती घाबरलेली होती आणि तरीही स्थिर होती. तळहात खालीवर करत ती त्यांना श्वासाची लय दाखवत होती: घ्या, सोडा, घ्या, सोडा. मास्तर त्या हाताबरोबर श्वास घेत राहिले. एका घरात राहून त्या दोघांनी एकमेकांकडे इतका वेळ कधीच पाहिलं नव्हतं. तसं बघायची वेळ येते तरी कुठे?

'ठीक?' तिने बोटांचं वर्तुळ करून विचारलं. मास्तरांनी खरं ते सांगितलं: पंजा डावीउजवीकडे हलवला. ती थांबली. घाई केली नाही. आणखी काही श्वास गेल्यावर मास्तरांनी बोटांचं वर्तुळ केलं. तिने अंगठा वर करून विचारलं, जायचं का? मास्तरांनी मान हलवली. नाही, पुढे.

टप्प्याच्या पलीकडे, मळकट हिरव्या उजेडात, एक मोटार उभी होती. क्लबाने कधीकाळी मुद्दाम बुडवलेली, काचा नसलेली, टपावर शेवाळ. बोटाएवढे मासे एका खिडकीतून आत जात होते आणि दुसरीतून बाहेर येत होते. बेकरीवाला आणि सून लांबून बघत थांबले. मास्तर मात्र ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेले, चौकटीला धरून आत वाकले आणि बराच वेळ काहीतरी निरखत राहिले.

वर येताना मास्तर सगळी वाट गुणगुणत होते. डोकं पाण्याबाहेर आलं, नळी तोंडातून निघाली, आणि ते पहिलं वाक्य बोलले:

"हँडब्रेक लावलेला नाही तिचा."

सून हसायला लागली. आधी हळू, मग तिला आवरेना. मास्तरांच्या खांद्याला धरून, पाण्यात वरखाली होत ती हसत राहिली, आणि त्यात थोडं रडूही मिसळलेलं होतं.

"माझाच पाय लागला, मास्तर," बेकरीवाला काकुळतीने म्हणाला.

"लागणारच. तुमच्या मागे इतक्या जवळून कोण चालत होतं? अंतर ठेवायला नको?"

परतताना मास्तर गाडी चालवत होते. बेकरीवाला पहाटेपासून जागा. मागच्या सीटवर बसताक्षणी त्याला झोप लागली. सून शेजारी बसली होती, ओले केस टॉवेलात गुंडाळून. दोन्हीकडे मोकळी शेतं होती.

"खाली घाबरलीस का गं?" मास्तरांनी विचारलं.

"हो."

नेहमीप्रमाणे तेवढंच, असं त्यांना वाटलं. पण ती थोड्या वेळाने आपणहून बोलू लागली.

"बाबा, ऑफिसात दिवसभर माझ्या कानाला यंत्र असतं. एक फोन ठेवला की दुसरा. कुणाचं दूध नासलं, कुणाच्या बाळाचं औषध खराब झालं. सगळे ओरडतच फोन करतात. त्यांच्या जागी त्यांचं बरोबरच असतं. मी गोड बोलायचं, माफी मागायची. चूक कुणाची का असेना." ती खिडकीबाहेर बघत होती. "संध्याकाळी घरी येते तेव्हा माझ्याजवळ शब्द उरलेलेच नसतात. एकही नाही. आई काही विचारतात आणि मला वाटतं, आता बोलले तर तोंडून 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व' एवढंच येईल."

मास्तर हसले. मग गंभीर झाले.

"आम्हाला वाटलं, तुला आमच्यात करमत नाही."

"छे हो!" ती वळून म्हणाली. "करमतं म्हणून तर गप्प बसता येतं. दुसरीकडे कुठे बसू?"

मास्तर गाडी चालवत राहिले. सून मग पहिल्यांदा पाण्याखाली गेली तेव्हाची गोष्ट सांगू लागली. एका मैत्रिणीने जबरदस्तीने नेलं होतं, आणि खाली गेल्यावर आपल्याला कुणीही फोन करू शकत नाही, हे लक्षात येऊन ती नळी तोंडात धरून हसली होती, आणि हसताना नळीत पाणी शिरलं होतं. मग त्या मैत्रिणीची गोष्ट. मग ऑफिसातल्या साहेबांची, जे स्वतःचा फ्रिज बिघडला तेव्हा तक्रार करायला लाजत होते. मास्तर मध्ये बोलले नाहीत. फक्त "मग?" म्हणत राहिले.

"बाबा, आपलं वळण मागे गेलं," ती मध्येच म्हणाली.

"गेलं ते बघितलं मी. पुढून फिरून जाऊ. तू सांग, मग साहेब काय म्हणाले?"

मागे बेकरीवाला कूस बदलून पुटपुटला, "आलं का घर?"

"नाही अजून," सून म्हणाली. "झोपा तुम्ही." आणि साहेबांचं पुढे काय झालं, ते सांगू लागली.